बुराईच्या डोहावर नऊ दिवस

घरून निघालो तेव्हा पिशवीत दोन सदरे, एक पंचा, पितळी तांब्या आणि दोनशे पत्रकं होती. पत्रकं मी लिहिलेली, वडिलांनी जुळवलेली. वडील चिपळुणात एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचं काम करतात. मी अक्षरं गिरवली ती पाटीवर थोडी आणि छापखान्याच्या रद्दीवर फार. परदेशी कापड, दारूबंदी, खोतांचा जुलूम, सहकार. ज्या ज्या गोष्टीवर कुणी पत्रक काढलं, ती गोष्ट मला लहानपणापासून तोंडपाठ. त्यामुळे जगात काही चुकत असेल तर त्यावर पत्रक काढावं, याखेरीज दुसरा उपाय मला सुचत नाही.

शिंदखेड्याला शाळामास्तर असलेल्या वसंताचं, माझ्या कॉलेजातल्या मित्राचं, पत्र आलं होतं. ‘आमच्या नद्यांतले मासे संपत चाललेत. उन्हाळ्यात ये आणि बघ.’ मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता, ‘गळवाल्यांनो, नदीचे मारेकरी होऊ नका!’ वडिलांनी मजकूर वाचला आणि विचारलं, "नदी पाहिलीस का?"

मी म्हणालो, "तत्त्व पाहिलंय."

त्यांनी मथळ्यापुढची दोन उद्गारचिन्हं काढून टाकली. मी तीन घातली होती.

पिशवीत आणखी दोन वस्तू होत्या. एक जाड पोलादी गळ आणि एक पकड. खानदेशात धरणगावच्या वाचनालयात माझं भाषण ठरवतो, असं वसंताने लिहिलं होतं. तिथे सगळ्यांसमोर तो गळ पकडीने मोडायचा, असा माझा बेत होता.

धुळे

वसंता घ्यायला आला होता. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कांदा कोंबला.

"राहू दे तो. ऊन लागत नाही."

अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकंही मला पाठ आहेत. पण ते ऊन बघून मी कांदा राहू दिला. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो. इथे घाम यायच्या आधीच वाळतो.

"आधी पांझरा बघू," मी म्हणालो. वसंता मला गावाबाहेर घेऊन गेला. वाळू तुडवत आम्ही बरंच चाललो. टरबुजांचे वेल पसरले होते, एक म्हातारी वेलांना ओंजळीने पाणी घालत होती.

"नदी कुठाय रे?" मी विचारलं.

"अर्धा तास झाला, नदीतच चालतोयस."

मी वाशिष्ठीकाठचा माणूस. आमच्या नदीत दिवसातून दोनदा भरती येते. पाणी ओसरलं तरी समुद्र ते परत आणून टाकतो, आणि पाण्याबरोबर मासेही. नदी संपते ही गोष्टच मला ठाऊक नव्हती. वसंताने समजावलं. इथल्या लहान नद्या चैत्रात तुटतात. वाहणं थांबतं, मध्ये मध्ये डोह उरतात. जेवढे मासे जगायचे ते त्या डोहांत जगतात, आणि पावसात नदी पुन्हा जोडली गेली की तिथून सगळीकडे पसरतात.

"म्हणजे एक डोह गेला..."

"तर कोसभर नदी गेली," वसंता म्हणाला.

मी तिथेच वाळूत बसून पत्रकात एक कलम वाढवलं. ‘उन्हाळ्यात डोहावर गळ घेऊन बसणारा हा सर्वांत मोठा गुन्हेगार होय.’

बुराईकाठ

शिंदखेड्याहून पुढे बैलगाडीने वसंताच्या गावी गेलो. बुराई नदी जिथे तापीला मिळते त्याच्या अलीकडे ते गाव आहे. घरात वसंताचे चुलते उखा आबा आणि आबांची थोरली बहीण अक्का. आबा कापूस लावतात. साठीच्या पुढचे, बारीक, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. अक्का विधवा आहेत आणि घरात त्यांचाच शब्द चालतो.

जेवायला कळण्याची भाकरी, कच्चं तेल घातलेला मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी आमच्या तांदळाच्या भाकरीसारखी लाजरी नाही. एक खाल्ली की पोट भरतं आणि अक्का दुसरी वाढतात. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कसाले रडस रे भाऊ? माय याद ऊनी का?" अक्का म्हणाल्या.

"नाही अक्का, आईची आठवण नाही आली. मिरची."

"मिरची तं मी टाकीच नही आज."

जेवल्यावर वसंता मला नदीवर घेऊन गेला. गावाखाली दरडीच्या सावलीत एक डोह होता, आमच्या गावातल्या तळ्याच्या निम्माही नसेल. हिरवंगार, गप्प पाणी. आणि काठावर सहा माणसं रांगेने गळाच्या काठ्या धरून बसलेली! कोसभर नदीत उरलेला एक डोह, आणि त्यावर सहा गळ. माझं डोकं तापलं. मी ओळखसुद्धा करून न घेता पिशवीतून पत्रक काढलं आणि उभ्या उभ्या, खणखणीत आवाजात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. नवीन कलमासकट.

सहाही जणांनी ऐकून घेतलं. कुणी काठी खाली ठेवली नाही. तेवढ्यात आबा मागून आले, तेही ऐकत राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "बेस वाचं रे. आवाज चांगला शे तुना."

"पण मुद्दा, आबा?"

"मुद्दा बी चांगला शे. बठ आठे. पानी पी."

त्या सहांत हिलाल भाऊ म्हणून एक दणकट गृहस्थ होते. विहिरी खोदणं हा त्यांचा धंदा. खडक लागला की सुरुंग भरायचा तो त्यांनी. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि तालुक्याला वावरलेल्या माणसाच्या मराठीत, मलाही वसंतासारखं मास्तर ठरवून, सांगितलं, "मास्तर, तुमच्या कागदात एक गोष्ट राहिली."

"कुठली?"

"मी."

मग त्यांनी सांगितलं. वर मैलावर दुसरा डोह होता. मागच्या उन्हाळ्यात खडीच्या खाणीवरची माणसं आली, म्हणाली, जेवण करायचंय, थोडी सुरुंगाची दारू टाक पाण्यात. हिलाल भाऊंनी टाकली. "आवाज झाला. मासे पांढरी पोटं वर करून आले. हसलो आम्ही. मग बघतो तर बोटाएवढे, नखाएवढे, बठ्ठे, सगळेच वर. जेवढे वर आले त्याच्या दुप्पट तळाला बसले, सडले. पावसाळा आला, गेला. त्या डोहात यंदा बेडूकसुद्धा ओरडत नाही." त्यांनी हातातली काठी दाखवली. "मी पण गळवालाच, मास्तर. लहानपणापासून. आता वर काठी घेऊन जायला तोंड नाही."

मला त्यांचं वाईट वाटलं. पण मनात म्हटलं, सुरुंग वाईट म्हणून गळ चांगला होत नाही. माझं कलम मी खोडलं नाही.

वसंता माझं भाषण पक्कं करायला दुसऱ्या दिवशी पहाटेच धरणगावला गेला. जाताना मला म्हणाला, "आबा सगळं समजावतील." आबांना म्हणाला, "मी त्याला सगळं समजावलंय." आमच्या दोघांच्या शिक्षणाचा हा एकूण उपयोग.

मरळ

काम नसलं की सहाही जण येऊन बसत, पण एरवी काठावर बसायच्या बाऱ्या लावलेल्या होत्या. शेताला पाणी द्यायची बारी असते, तशीच ही डोहाची. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "आज दुपारली तू बठ. जुवान शे, ऊन सोसशी."

मी बसलो ते शत्रूची रीत आतून बघावी म्हणून. हिलाल भाऊंनी आपली काठी माझ्या हातात दिली आणि ते जेवायला गेले. डोहावर मी एकटा. दोरीला ज्वारीच्या ताटाचा तुकडा तरंगत होता. बराच वेळ तो हललासुद्धा नाही. मी दोरी ओढून बघितली.

दोरीला गळच नव्हता.

नुसती दोरी. टोकाला एक खडा बांधलेला. माझे कान लाल झाले. कोकण्याची थट्टा! पत्रक वाचून दाखवलं त्याचा हा सूड. मला ते सहा जण गावातल्या वडाखाली बसून हसताना दिसायला लागले. तत्त्वाचा माणूस थट्टेला फार लवकर चिडतो, हे मी आता कबूल करतो. मी पिशवीतून माझा गळ काढला, धरणगावला मोडायचा तो, आणि दोरीला बांधला. काठावरचा एक इवला बेडूक धरून त्याला लावला.

तेवढ्यात पलीकडच्या दरडीखाली मला काहीतरी दिसलं. पाण्याचा एक तुकडा, भाकरीच्या परातीएवढा, भाताला आधण यावं तसा बुडबुडत होता. तांबूस रंगाचा. तो हळूहळू सरकत होता. काहीतरी जिवंत आहे तिथे! मी वळसा घेऊन गेलो आणि दोरी बरोबर त्याच्या मधोमध सोडली.

काय झालं ते कळायच्या आत काठी वाकली. पाणी फाटलं. मी पाय रोवून ओढली, घसरलो, गुडघा फोडून घेतला, पण सोडली नाही. शेवटी वाळूवर येऊन पडली ती हातभर लांब मरळ, काळी, गोल अंगाची, सापासारख्या डोक्याची. तोंड उघडत होती, मिटत होती.

हातातून निसटायला लागली म्हणून मी पत्रकांचा एक गठ्ठा पाण्यात भिजवला, तिला त्यात गुंडाळली आणि गावात निघालो. खरं सांगायचं तर मला एकाही पत्रकाने कधी इतका आनंद दिला नव्हता.

ओट्यावर अक्का बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. मी गुंडाळी उघडून त्यांच्यापुढे धरली. वाटलं होतं, हसतील. त्यांचा हात बिबड्यावर तसाच राहिला.

"हाई कोठून काढी?"

"डोहातून. तिकडच्या दरडीखालून."

"तठे पानी लाल व्हतं?"

"हो."

अक्का उठल्या आणि मोठ्यांदा हाक मारली, "उखा! ओ उखा! मरळ काढी आणी रे या पोरानं!"

आबा बाहेर आले. त्यांनी मासा बघितला, मग माझ्याकडे. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. तिच्या कल्ल्यांना हात लावून म्हणाले, "जित्ती शे. मरळ हवा खाय, लवकर मरत नही." आणि मग, "गळ कोन लाया?"

"मी. माझा."

"पय," आबा म्हणाले. "पय रे, पय!"

आम्ही पळत सुटलो. मी मासा छातीशी धरून, आबा अनवाणी, मागे अक्का हातात थाळी घेऊन. पळता पळता आबांनी तुटक तुटक सांगितलं ते एवढं. ते लाल पाणी म्हणजे मरळीची पिल्लं. शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतात. त्यांच्याखाली आईबाप पहारा करतात आणि पिलांजवळ काही पडलं की त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून तेव्हा मरळ धरणं सगळ्यांत सोपं. म्हणूनच कुठलाही खरा गळवाला तेव्हा ती धरत नाही. या जोडीतला एक मागच्या आठवड्यात कुणी परगावचा घेऊन गेला. ही एकच उरली होती. आणि सगळ्या नदीत हा एकच झुपका.

"मग तुम्ही सगळे गळ घेऊन..."

"गळ कोठे व्हता?" आबा म्हणाले. "कोनाच दोरीले गळ नही. महिना व्हयना."

माणूस नदीकाठी नुसता बसला तर येणारा-जाणारा थांबून विचारतो, इथे काय आहे? काठी धरून बसला तर कुणी काही विचारत नाही. म्हणून ते सहा जण महिनाभर बिनगळाची दोरी पाण्यात सोडून बसले होते. आणि मी त्यांना मारेकरी म्हणालो होतो, खणखणीत आवाजात.

डोहावर पोचलो तर हिलाल भाऊ आधीच छातीभर पाण्यात होते. जेवून परतताना त्यांनी बगळे उतरताना बघितले होते. पिलांचा झुपका फुटून विस्कटला होता. खालून दुसरे मासे टिपत होते, वरून खंड्या सूर मारत होता. हिलाल भाऊ धोतर सोडून ते डोक्यावर गरगर फिरवत होते आणि खंड्याला शिव्या देत होते. अक्कांनी काठावर थाळी बडवायला सुरुवात केली. ज्या हातांनी सुरुंग भरला होता, ते हात मग धोतर टाकून पिलांभोवती पाण्यात कुंपणासारखे पसरले.

मरळीच्या जबड्यात माझा गळ आरपार गेला होता. ओढला असता तर जबडा फाटला असता. मग मला पकड आठवली. आबांनी मासा धरला, मी गळाचा काटा पकडीत घेतला आणि सगळं बळ लावलं. दोनदा पकड निसटली. तिसऱ्यांदा गळ मोडला.

भाषण नाही, टाळ्या नाहीत. फक्त थाळीचा आवाज.

आबांनी मरळ पाण्यात दोन्ही हातांवर धरून ठेवली, पाळण्यातल्या मुलासारखी. मग हात खाली घेतले. ती बुडाली.

काहीच झालं नाही. आम्ही उभे राहिलो. ऊन कललं. झुपक्याचे तीन तुकडे झाले होते आणि त्यांतला एक विरत चालला होता. मी आबांकडे बघायचं टाळत होतो. हिलाल भाऊ पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हते.

सावली डोहाच्या मध्यापर्यंत आली तेव्हा मोठ्या झुपक्याखाली एक काळं डोकं वर आलं, हवेचा एक घोट घेतला आणि खाली गेलं. थोड्या वेळाने पुन्हा, दुसऱ्या झुपक्याखाली. दोन्ही तुकडे हळूहळू सरकत एक झाले. तिसरा मात्र गेला.

"ऊनी," आबा म्हणाले. आली, म्हणजे.

अक्कांनी थाळी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं.

बारी

शिक्षा कुणी सुनावली नाही. तशी रीत होती, एवढंच. जो झुपक्याजवळ गळ टाकील, त्याने पिल्लं मोठी होऊन पांगेपर्यंत सगळ्यांच्या बाऱ्या करायच्या. मी वसंताला धरणगावला कार्ड टाकलं, ‘भाषणाला येत नाही. माझ्याकडून एक मासा धरला गेला आहे.’ तिथल्या मंडळींनी या वाक्याचा काय अर्थ लावला, ते मी अजून विचारलेलं नाही.

नऊ दिवस बसलो. सकाळी भाकरी बांधून न्यायची, दुपारी कुणीतरी ताक आणून द्यायचं. ते सहाही जण बारी नसतानाही येऊन बसत आणि माझी टर उडवत.

"मास्तर, काही लागलं का?"

"मास्तर, ते मारेकऱ्याचं वाचा ना पुन्हा."

मी वाचून दाखवायचो. ते पोट धरून हसायचे. या माणसांनी महिनाभर मासा चाखला नव्हता. मासे धरणं हे ज्यांचं सुख, त्यांनी ते काठावर रोज समोर दिसत असताना बाजूला ठेवलं होतं. आमच्याकडे रोज ताटात मासा असतो आणि तो कुठून येतो हे आम्ही समुद्राला कधी विचारत नाही.

बसल्या बसल्या मी नवं पत्रक लिहिलं. चार ओळींचं. ‘नदीतल्या शेवटच्या डोहात गळ टाकू नका. पिलांवर पहारा करणारी मरळ धरू नका. अंड्यांनी पोट फुगलेला मासा लागला तर परत सोडा. आणि नदीवर बसा. तुम्ही बसलेले असलात की सुरुंगवाला पुढे जातो.’ आबांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

"हाई चांगलं शे," ते म्हणाले. "लहान शे."

नवव्या दिवशी दुपारी मी एकटा होतो. दरडीवरून दोघे जण सायकली ढकलत आले. खांद्याला कॅनव्हासची पिशवी. खाणीवरचे आहेत हे त्यांच्या कपड्यांवरच्या पांढऱ्या धुळीवरून कळलं. पिशवीत काय असेल, ते विचारायची गरज नव्हती. पन्नास पावलांवर दरडीखाली झुपका फिरत होता. 

"काय राव, मासे आहेत का डोहात?"

माझ्या डोक्यात पत्रकंच पत्रकं आली. निषेध, आवाहन, जाहीर विनंती. यांना काय सांगावं? सांगितलं तर कळेल की इथे राखण्यासारखं काही आहे.

"सकाळपासून बसलोय," मी म्हणालो. "एकही लागला नाही."

हे खरंच होतं. पण दुसरा काठाशी येऊन दोरीकडे बघायला लागला. "गळाला काय लावलंय?"

मी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो. त्यावरही माझं एक पत्रक आहे.

"कणीक," मी म्हणालो. "नऊ दिवस झाले, रोज कणीक लावतो."

दोघे एकमेकांकडे बघून हसले. "नऊ दिवस! अहो, या डबक्यात काय असणार? घरी जा, पुस्तक वाचा." हसत हसतच त्यांनी सायकली वळवल्या आणि ते चढावर दिसेनासे झाले. इतका मूर्ख ठरून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

संध्याकाळी चुलीपाशी मी हे सगळं सांगितलं. आबा हसून हसून खोकायला लागले. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"म्हंजे खोटं बोलना तू?"

"बोललो, अक्का."

"कितला येळ?"

"एकदाच."

"खाय मंग," अक्का म्हणाल्या आणि माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुपका नव्हता. पिल्लं काळपट झाली होती, बोटाच्या पेराएवढी, आणि एकेकटी काठच्या गवतात शिरत होती. आबांनी काठीची दोरी गुंडाळली. खिशातून डबी काढली आणि तिच्यातला एक गळ माझ्या तळहातावर ठेवला.

"चाल तापीवर. तठे पानी मोठं शे."

आठ जण गेलो. तापीचं पाणी रुंद, उजळ, वाहतं. मी आबांच्या शेजारी बसलो, आबांनी स्वतः माझ्या दोरीला गळ बांधून दिला. बाकीच्यांना एकेक, दोन दोन मासे लागले. हिलाल भाऊंनी एक मासा हातात घेतला, त्याचं पोट चाचपलं आणि परत सोडला.

दुपार झाली तशी आबांनी विचारलं, "काय रे, लागनं का काही?"

"एकही नाही," मी म्हणालो.

या वेळी दोरीला गळ होता.